शेवंतीची नाइट शिफ्ट

शहरातले दिवे बघत लाँग ड्राइव्ह सगळेच करतात. आम्ही सोलापूर रोडने गेलो ते शेतातले दिवे बघायला. परत आलो ते एक रिकामं खोकं शोधत!

रात्रीचे दहा वाजायला दोन मिनिटं होती. यवतच्या पुढे, हायवेपासून बरंच आत, चिखलात सँडल रुतवून आम्ही दोघी उभ्या होतो. समोर शेजारी शेजारी दोन पॉलिहाउस. दोन्ही गुडुप काळोखात.

"आता बघा," मामा म्हणाले.

दहाच्या ठोक्याला कुठेतरी 'टक' असा आवाज झाला आणि डावीकडचं अख्खं पॉलिहाउस उजळून निघालं. आत दोऱ्यांना लटकलेले बल्ब, एका रांगेत, शेवटपर्यंत. खाली हिरवीगार शेवंती. उजवीकडचं पॉलिहाउस मात्र तसंच अंधारात बुडालेलं.

"ह्या उजेडात दिवाळी आहे," मामा म्हणाले. "आणि त्या अंधारात दसरा."

डायलॉग भारी होता. पण त्याचा अर्थ कळायला मला पुढचे दोन तास लागले.

बाल्कनीतला प्रॉब्लेम

आता थोडं मागे जाऊया. मामा माझ्या रूममेटचे. माझी त्यांच्याशी ओळख झाली ती फोनवर, आणि तीही एका कुंडीमुळे.

आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. बाल्कनी इतकी छोटी की दोन खुर्च्या मांडल्या तर पाय घरात ठेवावे लागतात. तिथे एक कुंडी आहे. त्यातली पिवळी शेवंती आजीच्या परसातली. आजी गेली, मग घर विकलं गेलं. सामानाच्या वाटण्या झाल्या तेव्हा आईने बाकी काही न मागता परसातून चार काश्या उपटून आणल्या आणि त्यातल्या दोन मला दिल्या. (काश्या म्हणजे शेवंतीच्या बुंध्याशी फुटणारे नवे कोंब. हा शब्द मलाही तेव्हाच कळला.) आजी मार्गशीर्षातल्या गुरुवारी घटाला हीच शेवंती वाहायची. विकतची चालायची नाही.

तर ही शेवंती माझ्याकडे दोन वर्षं होती. वाढ सॉलिड! पानं हिरवीगार, उंची माझ्या कमरेपर्यंत. फूल मात्र एक नाही. मी खत बदललं, कुंडी बदलली, यूट्यूब बघून केळ्याच्या सालींचं पाणीसुद्धा घातलं. डिसेंबर आला की आईचा फोन यायचा, "फुलली का गं?" आणि मी म्हणायचे, "कळ्या येतायत." दोन्ही वर्षं खोटं.

शेवटी रूममेटने मामांना फोन लावला. त्यांनी फक्त एकच प्रश्न विचारला, "बाल्कनीसमोर रस्त्यावरचा दिवा आहे का?"

होता. बरोब्बर समोर. रात्रभर चालू.

"मग त्याला झोपू कुठं देताय तुम्ही? या एकदा इकडं, दाखवतो."

चलो यवत

2025च्या पंधरा ऑगस्टचा लाँग वीकेंड. सगळं ऑफिस लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलं आणि आम्ही शनिवारी दुपारी स्कूटरवरून उलट दिशेला. हडपसरची कोंडी ओलांडली की सोलापूर रोड मोकळा होतो. लोणी काळभोर मागे पडलं की सोरतापवाडी, उरुळी कांचनच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नर्सऱ्याच नर्सऱ्या. आपल्या सोसायट्यांमधली आणि ऑफिसच्या लॉबीतली कितीतरी झाडं इथूनच येतात. डिसेंबरमध्ये रिसेप्शन डेस्कवर ठेवतात तो लाल पॉइन्सेटिया आणि वाढदिवसाला देतात ती बुटकी कलांचो, ही दोघंही शेवंतीच्याच गोत्रातली निघाली. म्हणजे वनस्पतिशास्त्रातल्या गोत्रातली नव्हे, सवयीच्या. तिघांनाही फुलायला लांब रात्र लागते.

पुण्यापासून यवत साधारण 45 किलोमीटर. आम्ही पोचलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. मामींनी आधी जेवायला बसवलं. "दिवे काही पळून जात नाहीत," असं म्हणून भाकरी वाढतच राहिल्या. मग दहाला दोन मिनिटं असताना आम्ही चिखलात.

दिवसाची नाही, रात्रीची मोजणी

पुस्तकात शेवंतीला 'लघुदिवसी' झाड म्हणतात. म्हणजे दिवस लहान झाला की फुलणारं. पण हे नाव जरा फसवं आहे. कारण झाड दिवस मोजतच नाही, ते मोजतं रात्र. सलग, अखंड अंधाराची रात्र. शेवंतीच्या बहुतेक जातींना साधारण साडेदहा-अकरा तासांच्या वर सलग अंधार मिळाला की ती कळ्या धरायला लागते. जातीप्रमाणे थोडंफार कमी-जास्त.

आता गंमत बघा. पुण्यात 21 जूनला दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो आणि 21 डिसेंबरला अकरा तासांचा. फरक जेमतेम सव्वादोन तास. लंडनमध्ये हाच फरक पावणेनऊ तासांच्या आसपास जातो! आपल्याला ऑफिसच्या एसीत बसून हे सव्वादोन तास जाणवतही नाहीत. शेवंतीला मात्र जाणवतात. आपल्याकडे ऑगस्टची रात्रही तिला पुरेशी लांब वाटते. त्यामुळे तिला तशीच सोडली, तर रोप वीतभर असतानाच ती कळी धरून मोकळी होते. मग दांडा आखूड, फुलं कमी, आणि बाजारात भाव नाही.

म्हणून हे दिवे. रात्री दहा ते दोन, चार तास.

"पण मग संध्याकाळी सातपासूनच का नाही लावत? दिवस वाढवायचा तर..." मी विचारलं.

"दिवस वाढवायचा नाहीच आपल्याला. रात्र मोडायची," मामा म्हणाले.

सात ते दहा हा तीन तासांचा अंधार. दोन ते सहा हा चार तासांचा. मधल्या दिव्यांनी एका लांब रात्रीचे दोन तुकडे केले. झाडाच्या हिशेबी मोठी रात्र झालीच नाही. त्याला वाटतं अजून उन्हाळाच चाललाय आणि ते नुसतं वाढत राहतं. लांब दांडा तयार झाला की एके दिवशी टायमर बंद. त्या रात्रीपासून झाडाची मोजणी सुरू. मामांच्या जातीला तिथून फूल तोडणीला यायला साडेआठ ते नऊ आठवडे लागतात.

म्हणजे उजवीकडच्या अंधाऱ्या पॉलिहाउसमध्ये खरंच दसरा होता. दोन ऑक्टोबरच्या दसऱ्यासाठी तिथले दिवे ऑगस्टच्या सुरुवातीलाच बंद केलेले. आणि डावीकडे एकवीस ऑक्टोबरचं लक्ष्मीपूजन. तिथले दिवे येत्या शुक्रवारी, बावीस तारखेला बंद होणार होते. मामांच्या किचनमधल्या कालनिर्णयवर त्या तारखेभोवती लाल गोल होता.

तंबाखूपासून सुरू झालेली गोष्ट

परत आल्यावर मी थोडं वाचलं. (मास कॉमची सवय, ऐकलेलं क्रॉसचेक केल्याशिवाय चैन पडत नाही.) ही गोष्ट उलगडली ती अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळच्या एका सरकारी शेतावर. तिथे तंबाखूची 'मेरीलँड मॅमथ' नावाची जात उन्हाळ्यात नुसती उंच वाढायची, फुलायचीच नाही. अगदी माझ्या शेवंतीसारखी. गार्नर आणि अॅलर्ड या दोन शास्त्रज्ञांनी जुलै 1918 मध्ये तिच्या कुंड्या रोज दुपारी चार वाजता एका अंधाऱ्या खोपट्यात ठेवायला आणि सकाळी नऊला बाहेर काढायला सुरुवात केली. झाडं भर उन्हाळ्यात फुलली. 1920 मध्ये त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला.

मग 1938 मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी झँथियम नावाच्या रानटी झाडावर प्रयोग केले आणि दिसलं, की लांब रात्रीच्या मधे एक मिनिट जरी प्रकाश पडला तरी त्या झाडाचं फुलणं थांबतं. दिवस नाही, रात्रच महत्त्वाची, हे तिथे पक्कं झालं. रशियात चायलाख्यान यांनी त्याच दशकात थेट शेवंतीवरच काम केलं. त्यांनी दाखवलं, की रात्र मोजतात ती पानं आणि फुलतो तो शेंडा. म्हणजे पानाकडून शेंड्याकडे काहीतरी निरोप जात असणार. पानातला जो पदार्थ उजेड-अंधार ओळखतो त्याला फायटोक्रोम म्हणतात. लाल प्रकाश पडला की तो जागा होतो, अंधारात हळूहळू झोपी जातो. आणि 2013 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शेवंतीत आणखी एक निरोप शोधला, नेमका उलटा. रात्री मधेच प्रकाश पडला की पानं शेंड्याला कळवतात, 'फुलू नकोस.'

माझ्या बाल्कनीत दोन वर्षं रोज रात्री हाच निरोप जात होता. आणि मी केळ्याची सालं घालत होते.

सूर्य, चंद्र आणि मधे मामा

पण मला सगळ्यात जास्त भिडलं ते कालनिर्णय. शेवंती सूर्याच्या हिशेबाने चालते. रात्र किती लांब, हे दरवर्षी त्याच तारखेला तितकंच असतं. आपले सण मात्र चंद्राच्या तिथीवर. 2023 मध्ये अधिक महिना आला आणि दसरा होता 24 ऑक्टोबरला. 2024 मध्ये 12 ऑक्टोबरला. 2025 मध्ये थेट 2 ऑक्टोबर. आणि 2026 मध्ये पुन्हा अधिक महिना, म्हणून 20 ऑक्टोबर. म्हणजे सण पुढेमागे तीन-तीन आठवडे हलतो. झाडाला त्याचा पत्ताच नसतो.

आणि फूल दसऱ्याच्या आदल्या दिवशी मार्केट यार्डात हवं. दसऱ्यानंतर चार दिवसांनी फुललं तर तीच गड्डी कोणी विचारत नाही. आपली डेडलाइन चुकली तर बॉस ओरडतो, फार तर मेल येतो. इथे डेडलाइन चुकली की अख्खा प्लॉट मातीमोल.

मामांचं एकदा तसं झालंय. काही वर्षांपूर्वी ऐन पावसात ट्रान्सफॉर्मर जळाला. नवा यायला दहा दिवस लागले. तेव्हा त्यांच्याकडे जनरेटर नव्हता. दहा रात्री पॉलिहाउस अंधारात राहिलं आणि रोपांनी तेवढ्यात कळी धरली. नंतर दिवे लागले, पण उपयोग नाही. "एकदा तिनं ठरवलं की ठरवलं," मामा म्हणाले. दांडे आखूड राहिले, फुलं सणाच्या कितीतरी आधी आली. मिळेल त्या भावात सुट्टी विकली. त्या वर्षी त्यांच्या मुलीचं पुण्यातलं हॉस्टेल सुटलं आणि तिने एक वर्ष घरून एसटीने कॉलेज केलं. हे मामांनी नाही, मामींनी सांगितलं, भांडी आवरताना, अगदी सहज.

आता शेडमध्ये जनरेटर आहे. आणि मामा रात्री दहाला स्वतः जाऊन बघतात, टायमर असला तरी. दिवे लागले की मगच झोपतात.

बुके आता वेगळा दिसतो

निघताना मामांनी आणखी एक गंमत सांगितली. ऑफिसच्या फेअरवेलला आपण जो बुके देतो ना, त्यात बहुतेकदा तीन गोष्टी असतात. गुलाब, शेवंती आणि मधे भरायला ती पांढरी बारीक फुलं, जिप्सोफिला. या तिघांचे तीन स्वभाव. शेवंतीला लांब रात्र हवी. जिप्सोफिला बरोबर उलटी, तिला लांब दिवस हवा, म्हणून हिवाळ्यात तिच्यावर दिवे लावतात ते ती फुलावी म्हणून. आणि गुलाबाला यातलं काहीच पडलेलं नाही. त्याची छाटणी करायची आणि दिवस मोजायचे. तळेगावकडचे गुलाबवाले व्हॅलेंटाइन डेची तयारी साधारण दीड महिना आधी छाटणीनेच करतात.

म्हणजे एका बुकेत एकाला अंधार, एकाला उजेड आणि एकाला कात्री. आपण नुसतं रिबन बघतो!

मिशन खोकं

रविवारी सकाळी भुलेश्वरला जाऊन आलो. श्रावण असल्यामुळे रांग मोठी होती, पण आतलं कोरीवकाम बघून सगळा शीण गेला. टेकडीवरून खाली बघितलं तर दिवसाउजेडी ते पॉलिहाउस म्हणजे नुसतं पांढरं प्लास्टिक. रात्रीच्या त्या दृश्याचा मागमूसही नाही.

मामांनी माझ्यासाठी उलटं गणित मांडून दिलं होतं. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार 27 नोव्हेंबर. जुन्या परसातल्या जाती जरा उशीर करतात, म्हणून नऊऐवजी दहा आठवडे धरायचे. म्हणजे सुरुवात 18 सप्टेंबरला. त्याआधी घरी गेल्या गेल्या शेंडे खुडायचे, म्हणजे बाजूने फांद्या फुटतील.

आता रोज संध्याकाळी सहाला खोकं कोण घालणार? माझी रूममेट ऑफिसातून येते नऊला आणि माझाही नेम नाही. त्यावरही मामांकडे उत्तर होतं. "घड्याळात किती वाजले ते झाडाला कळत नाही. रात्री नऊला झाक आणि सकाळी साडेदहाला काढ. साडेतेरा तास अंधार झाला, बास." शेवंतीला लेट लॉगिन चालतं! आमच्या फ्लॅटला याहून सोयीचं झाड मिळणं शक्य नाही.

फ्रिजचं खोकं मिळालं खालच्या मजल्यावरून. फटींना काळा टेप लावला. अठरा सप्टेंबरपासून रोज नऊ ते साडेदहा. मी बाहेरगावी असले की रूममेट, ती नसली की मी. एकदा ऑक्टोबरमध्ये तिचे मित्र घरी आले आणि रात्री बाराला मोबाइलचा टॉर्च मारून 'बघा, आमचं झाड झोपलंय' असा कार्यक्रम झाला. मी हादरलेच. मामांना मेसेज केला. उत्तर आलं, "एका रात्रीनं काही होत नाही. रोज नका करू."

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात शेंड्यावर हरभऱ्याएवढे हिरवे गोळे दिसले. मी त्यांचा फोटो काढला, पण आईला पाठवला नाही. म्हटलं, कळ्या येतायत हे दोनदा सांगून झालंय.

सत्तावीस नोव्हेंबर हुकला. कळ्यांना नुसता पिवळा रंग दिसत होता. दुसऱ्या गुरुवारी, चार डिसेंबरला, सकाळी खोकं उचललं तर अकरा फुलं उघडलेली. मी मोजली. दोन ठेवली, नऊ तोडली, डब्यात ओला रुमाल घालून पहिली एसटी पकडली.

आईने डबा उघडला. एक फूल हातात घेऊन नाकाशी धरलं, मग खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघितलं.

"तिच्याच परसातलं," एवढंच म्हणाली आणि घट मांडायला उठली.

जायचं असेल तर

भुलेश्वर : पुणे-सोलापूर रोडने यवतपर्यंत, तिथून उजवीकडे टेकडीचा रस्ता. श्रावणातले रविवार-सोमवार टाळलेत तर कोरीवकाम निवांत बघता येतं.

नर्सऱ्या : सोरतापवाडी, उरुळी कांचन परिसर. पॉइन्सेटिया किंवा कलांचो घेतलीत तर पुढच्या वर्षीच्या फुलांसाठी घरातला अंधारा कोपरा आत्ताच हेरून ठेवा. रात्री तिथे ट्यूबलाइट लागत नाही ना, ते बघा.

फुलबाजार : गुलटेकडी मार्केट यार्ड, भल्या पहाटे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गेलात तर गर्दीत हरवायची तयारी ठेवा.

एम्प्रेस गार्डन : जानेवारीअखेरचं पुष्पप्रदर्शन. आता प्रत्येक कुंडीपुढे उभं राहून 'हिला किती तास झोप लागते?' असा विचार कराल, ही गॅरंटी.

पॉलिहाउस : ओळखीशिवाय कुणाच्या शेतात रात्री शिरू नका. आणि ओळखीने गेलात तरी अंधाऱ्या बाजूला टॉर्च मारू नका. तिथे कुणाचा तरी दसरा झोपलेला असतो.